पाच किलोच्या वजनाचे चार ठोकळे

मंगळवार, १२ मार्च २०१९. पाणी सहा दहाला आलं, पावणेआठला गेलं. दूध उशिरा. मागच्या दाराला टेकू म्हणून ठेवलेलं पाच किलोचं लोखंडी वजन जागेवर नाही. भावजींना विचारलं, तर "कुठलं वजन?" म्हणाले. बाह्या कोपरापर्यंत काळ्या. दुपारी पुतणीचा फोन : रविवारी चोवीसला येते, टेम्पो चार वाजता सांगितला आहे. भावजी जेवले नाहीत. म्हणजे दोनदा वाढून घेतलं, पण एक शब्द बोलले नाहीत, आणि त्यांच्या बाबतीत ते न जेवल्यासारखंच.

वजन कुठे गेलं हे मला विचारण्याआधीच ठाऊक होतं. घरातल्या कुठल्याही लोखंडी वस्तूकडे भावजी ज्या नजरेने बघतात, त्या नजरेने खाटीक बोकडाकडे बघतो. जुन्या इस्त्रीचा तळ त्यांनी असाच नेला. शिवणयंत्राचं चाक नेलं. माझ्या मोठ्या कपाटाच्या दाराची गोल मूठ एका सकाळी नाहीशी झाली आणि तिच्या जागी लाकडाची, सुबक, पॉलिश केलेली मूठ आली. ही जास्त शोभते असं वर मलाच ऐकवलं. त्यांनी नेलेल्या प्रत्येक वस्तूची मी तारखेसह नोंद ठेवते. त्याला ते "वहिनींचं पोलीस खातं" म्हणतात.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. वय चौऱ्याहत्तर. एका कारखान्यात एकेचाळीस वर्षं टर्नर होते. पाण्याच्या झडपांचे भाग कातायचे. बायको गेल्यावर आमच्याकडे राहायला आले, ते दोन पेट्या आणि एक लेथ, म्हणजे कातकामाचं यंत्र, घेऊन. लेथ छोटंसं, टेबलावर मावणारं, लांबी माझ्या दोन हातांएवढी. एक घड्याळजी दुकान बंद करत होता, त्याच्याकडून मिळवलेलं. आमच्याकडे कपडे धुण्याची मागची खोली होती, ती त्यांनी बघता बघता काबीज केली. माझे यजमान तेव्हा होते. ते आयुष्यभर कचेरीत बसलेले. यंत्राला इतके घाबरायचे की धाकट्या भावाला जेवायला बोलवायचं असलं तर दारातून काठीने भिंत वाजवायचे. यजमान गेले त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून घरात आम्ही दोघं आणि ते लेथ. आवाजाच्या हिशेबाने म्हणाल तर लेथच जास्त.

आता टेम्पोचं. पुतणी, म्हणजे भावजींची एकुलती एक लेक, एका मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. कुठल्या यंत्राला जाळी नाही, कुठल्या कामगाराने चष्मा घातला नाही, हे बघणं तिचं काम. घरात आम्ही तिच्या पाठीमागे तिला "तपासणी" म्हणतो. ती अहवालांखेरीज काही वाचत नाही, म्हणून हे बिनधास्त लिहिते आहे.

जानेवारीत भावजींचा पाना निसटला आणि बोटांची पेरं यंत्रावर आपटली. तीन टाके पडले. ते त्यांनी लेकीपासून लपवलं. पण कोंबडं झाकून उजाडायचं थोडंच राहतं. फेब्रुवारीत ती न कळवता आली, तेव्हा तिचे वडील लेथच्या खाली चारी पायांवर होते. तिला वाटलं, चक्कर येऊन पडले. तिने अशी किंकाळी फोडली की भावजींचं डोकं वर टेबलाला लागलं आणि मग त्यांना खरोखरच चक्कर आली.

ते शोधत होते पत्र्याची एक पट्टी. हे समजावं म्हणून थोडं सांगते; मलाही ते समजायला वीस वर्षं लागली. लेथमध्ये लोखंडाचा तुकडा गरगर फिरतो आणि धारदार टूल त्याला सोलत जातं. टूलचं टोक त्या तुकड्याच्या बरोबर मध्याच्या उंचीवर हवं. वर गेलं तर ते कापत नाही, नुसतं घासतं आणि किंचाळतं. खाली राहिलं तर रुतून बसतं. ती उंची साधायला टूलच्या खाली पट्ट्या सारतात. त्यांना पॅकिंग म्हणतात. एक जाड पट्टी, एक पातळ, अजून थोडं हवं तर दाढीचं पातं, त्याहून थोडं हवं तर पोस्टकार्ड. मग वरून चार स्क्रू पान्याने घट्ट करायचे. टूल बदललं की पुन्हा पहिल्यापासून. भावजींकडे गोळ्यांच्या एका डब्यात अशा दोनेकशे पट्ट्या होत्या आणि माझ्या प्रार्थनापुस्तकातली पितळी खूणही त्यातच सापडली होती (नोंद : ३ जून २०११).

चाळीस वर्षं हा खेळ झकास चालला. पण आता डोळ्यांना पातळ पट्टी दिसेना आणि बोटांना धरवेना. दहा मिनिटांचं काम, त्यातली आठ मिनिटं जमिनीवर. लेकीने निकाल दिला : लेथ एका शाळेच्या कार्यशाळेला द्यायचं, बाबांनी तिच्या पाचव्या मजल्यावरच्या घरी राहायला जायचं, आणि काकूने निवांत राहायचं. निवांत हा शब्द तिने दोनदा वापरला. मला तो दोन्ही वेळा आवडला नाही.

भावजी तिच्याशी भांडले नाहीत. तिच्याशी भांडून कुणाचं भलं झालेलं नाही. त्यांनी मिठाची गुळणी धरली, आणि तीन आठवड्यांनी माझं वजन गायब झालं.

त्यांचा बेत मी दुसऱ्या दिवशी खोलीत जाऊन काढून घेतला. पट्ट्या नकोत आणि पानाही नको, असं टूल धरायचं साधन ते करणार होते. लेथवर एक गोल खांब उभा करायचा. त्या खांबावर टोपीसारखा बसेल असा लोखंडी ठोकळा. मध्ये भोक, एका बाजूला चीर. चिरेवर एक हँडल. हँडल दाबलं की चीर मिटते आणि ठोकळा खांबाला घट्ट आवळतो. उलट फिरवलं की सुटतो. टूल त्या ठोकळ्याच्या खाचेतच स्क्रूने आवळून बसवलेलं, धार लावायला तेवढं काढायचं. ठोकळ्याच्या डोक्यावर एक स्क्रू, त्याने उंची एकदाच ठरवायची. असे चार ठोकळे, चार टूलांचे. एक काढला, दुसरा घातला, हँडल दाबलं, झालं. "चष्मा नसला तरी चालेल," म्हणाले. मी म्हटलं, हे वाक्य चोवीस तारखेला बोलू नका.

ठोकळे माझ्या वजनातून निघणार होते. खांबासाठी जुन्या पंपाचा दांडा. हा पंप दोन वर्षांपूर्वी त्यांनीच "संध्याकाळपर्यंत दुरुस्त करून देतो" म्हणून मागे नेला होता.

"म्हणजे तो दुरुस्त होणार नाही?"

"वहिनी, त्याला याहून चांगलं काम मिळालं."

वजन हाताच्या करवतीने कापायला चार दिवस लागले. ओतीव लोखंडाचा कीस निघत नाही, काळी पूड पडते, काजळासारखी. ती नाकात जाते, टॉवेलला लागते आणि का कोण जाणे, साबणदाणीत सापडते. ते करवत चालवायचे आणि मी समोर स्टुलावर बसून दर दहा मिनिटांनी त्यांना थांबवायचे, कारण स्वतःहून थांबणं त्यांच्या पत्रिकेत नाही. त्या वेळात मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवलं. मृत्यूच्या बातम्या वगळायच्या अशी त्यांची अट होती. वगळल्या तर उरत काय, असा माझा सवाल होता.

भोक पाडण्याची युक्ती मला फार आवडली. एरवी लेथमध्ये लोखंड फिरतं आणि टूल गप्प बसतं. इथे त्यांनी उलट केलं. ठोकळा लेथच्या सरकत्या भागावर आवळून बसवला आणि टूल एका दांड्यात खोवून तोच फिरता ठेवला. हळूहळू ठोकळा त्याच्यावर सरकत गेला आणि भोक इतकं नेमकं मोठं झालं की पंपाचा दांडा त्यातून तेल लावल्यासारखा खाली उतरला. भावजी तो दांडा वर काढत आणि सोडत राहिले. पंधरा-वीस वेळा तरी. मी पाच वेळांनंतर मोजायचं सोडलं.

पहिला ठोकळा फुकट गेला. चीर चुकीच्या बाजूला पाडली, त्यामुळे हँडल लेथच्या, लोखंड धरून फिरणाऱ्या तोंडाकडे आलं असतं. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा चीर पूर्ण पाडून झाली होती. त्यांनी करवत खाली ठेवली, मला म्हणाले की तुमच्या कागदांवर ठेवायला चांगलं वजन झालं, आणि बाहेर जाऊन अर्धा तास कुंड्यांना पाणी घालत बसले. त्यातल्या दोन रिकाम्या होत्या. मी उरलेलं लोखंड मोजून पाहिलं. अजून चार ठोकळे जेमतेम निघत होते. ते त्यांना जाऊन सांगितलं, तेव्हा उठले.

गुरुवारी चारही ठोकळे तयार झाले. कुठला कुठल्या टूलचा हे कळावं म्हणून मी कागदाच्या चिठ्ठ्या सुवाच्य अक्षरात लिहिल्या होत्या. त्यांनी त्या नम्रपणे परत केल्या आणि ठोकळ्यांवर टोकदार पंच ठोकून टिंबं उमटवली : एक, दोन, तीन, चार. बोटाने चाचपून कळतील अशी.

शुक्रवार आणि शनिवार तालीम. मी तपासणी झाले. कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिले आणि तिच्या आवाजात विचारलं, "जाळी कुठाय? चष्मा कुठाय? बंद करायचं बटण हाताशी का नाही?" भावजींनी प्लॅस्टिकच्या बरणीचं झाकण यंत्राच्या तोंडावर बसवलं, बटण पुढे आणलं आणि चष्म्याला दोरी बांधली. टूल बदलायला पहिल्यांदा तीस सेकंद लागले, शनिवारी संध्याकाळपर्यंत अकरा. माझ्या सोंगावर ते इतके हसले की ठसका लागला. म्हणाले, वहिनी, ती तुमच्यापेक्षा बरी आहे.

रविवारी ती अकराला आली. हातात मोजपट्टी होती. दारातून लेथ बाहेर निघेल की नाही हे बघायला. आल्या आल्या तिने दार मोजलं. "निघेल," म्हणाली. भावजींनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. चहा झाला. मग ते म्हणाले की जाण्याआधी एक छोटासा दांडा कातायचा राहिला आहे, दहा मिनिटं, तू उभी राहा हवं तर. तिने घड्याळ पाहिलं आणि दारात जाऊन कमरेवर हात ठेवला. अगदी माझ्यासारखा. मला हसू आवरेना, म्हणून मी खोकले.

पहिला ठोकळा, हँडल, टूल. सुरेख. दुसरा ठोकळा, अकरा सेकंद. तिच्या भुवया किंचित वर गेल्या. तिने बरणीच्या झाकणाकडेही पाहिलं. मग भावजींनी तिसरा ठोकळा चढवला, आणि माझी नजर त्याच्या खाचेकडे गेली.

तिसऱ्यातलं टूल त्यांनी त्या दिवशी सकाळीच बाहेर काढून धार लावून परत बसवलं होतं. बसवताना त्यांच्या बोटांनी, त्यांना न विचारता, खाली एक पट्टी सारली होती. एकेचाळीस वर्षांची सवय. सुंभ जळतो, पीळ जात नाही. पट्टीचं चकचकीत टोक ठोकळ्यातून दोन दाण्यांएवढं बाहेर आलं होतं. पट्टी नको म्हणून बारा दिवस राबलेल्या माणसाने तिथेच पट्टी घातली होती.

यंत्र चालू असताना बोलायचं नाही, हा त्यांनी मला घालून दिलेला नियम. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

टूल लोखंडाला लागलं आणि किंचाळलं. कीस निघेना. दांडा नुसता चकाकू लागला. भावजींनी टूल सरकवायचं चाक आणखी पुढे फिरवलं, किंचाळी वाढली. त्यांनी मान वाकवली, चष्म्यावरून पाहिलं, चष्म्यातून पाहिलं. त्यांना काहीतरी चुकलंय हे कळत होतं आणि काय ते दिसत नव्हतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा चेहरा असा भांबावलेला मी बघितला नव्हता. माझी पाचावर धारण बसली. आता ती "बंद करा" म्हणणार आणि चार वाजता टेम्पो येणार.

"बंद करा," ती म्हणालीच. स्वतः पुढे होऊन तिने बटण दाबलं. खोली शांत झाली.

"बाबा, टूल वर बसलंय."

तिने वाकून पाहिलंसुद्धा नव्हतं. नुसतं ऐकून सांगितलं. ती सात-आठ वर्षांची असताना रविवारी बापाच्या शेजारी स्टुलावर बसून कात्रीने पत्र्याच्या पट्ट्या कापायची, आणि बाप आवाज ऐकवून विचारायचा, वर की खाली? मला हे तेव्हा आठवलं. तिला बहुधा आपोआप आठवलं असावं. तिने खाचेत बोट घातलं, पट्टी सापडली. स्क्रू सैल करून ती ओढून काढली, टूल पुन्हा आवळलं, मग हातातलं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं, बाह्या वर सारल्या, केस बांधले, बापाचा दोरीवाला चष्मा त्यांच्याच गळ्यातून उतरवून स्वतःच्या डोळ्यांवर चढवला.

"सरका जरा."

भावजी सरकले. यंत्र सुरू झालं. कीस निघाला, निळसर, कुरळा, सुतासारखा. तिने यंत्र थांबवलं. तिसरा ठोकळा काढला, चौथा चढवला, परत पहिला. हँडल एका बोटाने दाबून बघितलं, करंगळीने दाबून बघितलं. दांड्याला जिथे खाच पाडायची गरज नव्हती तिथेही पाडली. मी घड्याळ हातात धरून उभी होते, म्हणून मला माहीत आहे : चाळीस मिनिटं.

मग यंत्र बंद करून ती वडिलांकडे वळली. तिच्या नाकावर काळा डाग होता.

"तुम्ही ती पट्टी मुद्दाम घातलीत."

भावजींनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं.

"मी मध्ये पडावं म्हणून. मला माहीत आहे तुमची नाटकं. काकू, तूही सामील आहेस ना यात?"

मी म्हटलं, मी तर फक्त वर्तमानपत्र वाचून दाखवते. हे खरं होतं.

भावजींच्या चेहऱ्यावर एक-एक करून काय काय सरकलं ते मी पाहिलं. विसराळू म्हाताऱ्याला पाचव्या मजल्यावर नेतात. लबाड म्हाताऱ्याला कुणी नेत नाही. पडत्या फळाची आज्ञा म्हणतात ती अशी. त्यांनी छाती पुढे काढली.

"मग काय करणार? सरळ सांगून तू ऐकतेस कुठे?"

"लबाड," ती म्हणाली आणि हसली. इतकी हसली की भिंतीला टेकली. मग आपली वही काढून अटी सांगू लागली. एकटं असताना यंत्र लावायचं नाही. काकू हाकेच्या अंतरावर हवी. चष्मा दोरीसकट. दर सहा महिन्यांनी डोळे तपासायचे. बरणीचं झाकण फेकून द्यायचं, खरी जाळी ती स्वतः आणून बसवेल. भावजींनी प्रत्येक अटीवर इतक्या मुकाट्याने मान डोलावली की मलाच संशय यावा. शेवटी तिने टेम्पोवाल्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं, आणि शाळेला एखादं दुसरं लेथ शोधून द्यायची जबाबदारी स्वतःवर घेतली. जाताना चार ठोकळ्यांतला एक उचलून न्याहाळत होती. "हा नेऊ का? आमच्या कार्यशाळेत दाखवते." भावजी म्हणाले, बाकी काहीही ने. तिने खाली ठेवला.

ती गेल्यावर संध्याकाळी ते स्वयंपाकघरात येऊन बसले. पट्टी हाताच्या तळव्यावर. बराच वेळ ती उलटीसुलटी करत राहिले.

"मला आठवतच नाही, वहिनी. ही मी कधी घातली."

मी भाजी चिरत होते. चिरत राहिले. मग म्हटलं, बोटांनी घातली, तुम्ही नाही. यापुढे धार लावून झाली की टूल परत बसवण्याआधी मला हाक मारायची, मी खाच बघेन. लेकीच्या अटींत ही एक आणखी, फक्त ती तिला सांगायची गरज नाही.

ते उठले, मागे गेले, आणि पट्ट्यांचा गोळ्यांचा डबा घेऊन आले. हा तुमच्या कपाटात कुलपात ठेवा, म्हणाले. मी मागितला तरी द्यायचा नाही. रडलो तरी नाही. मी विचारलं, रडणार आहात का? ते म्हणाले, सांगता येत नाही, मी लबाड आहे.

मिशनच्या शाळेत सिस्टरांनी आम्हाला रोजनिशी लिहायला शिकवलं तेव्हा दोन नियम घातले होते : रोज लिहायचं आणि खोटं लिहायचं नाही. सगळं लिहायचं, असं त्या म्हणाल्याचं मला आठवत नाही. त्या संध्याकाळी वही उघडून मी बराच वेळ बसले आणि मग लिहिलं :

रविवार, २४ मार्च. गॅसचा नवा सिलिंडर लावला. आधीचा सेहेचाळीस दिवस पुरला.